किती वाजता चावला? शेतकऱ्याच्या नोंदवहीतील एक पान

(गागोदे बुद्रुक, ता. पेण, जि. रायगड येथे भातकापणीच्या तोंडावर भरलेल्या शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण. वाचकांसाठी थोडे आटोपशीर करून देत आहे.)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे. गागोद्याला मला बोलावले होते ते भाताची कापणी, मळणी आणि साठवण या विषयावर. त्याप्रमाणे लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करावी, पेंढ्या शेतात फार दिवस पडू देऊ नयेत, धान्य चांगले वाळवूनच कणगीत भरावे, हे सारे मी सांगितले. ते आपण या अंकांतून अनेकदा वाचले आहे. त्यानंतर मी जे बोललो तेच आज येथे देत आहे. हा विषय माझा नव्हे. माझ्या मावशीचा आहे.

माझी मावशी आरोग्य खात्यात परिचारिका होती. १९८० साली नोकरीला लागली, रायगड जिल्ह्यातील उपकेंद्रांत आणि आरोग्य केंद्रांत तिची सारी नोकरी झाली, आणि आता ती निवृत्त आहे. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे उतरलो होतो. कापणीवर बोलणार आहे असे सांगितल्यावर ती म्हणाली, "कापणी सांगशील, पण कापणाऱ्याचं काय? आश्विन-कार्तिकात आमच्याकडे माणसं कशाने यायची ते ठाऊक आहे का? विळा लागला म्हणून थोडी. विंचू आणि साप चावला म्हणून जास्त." मग रात्री जेवण झाल्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. तिच्या बोलण्याचे सार आणि त्याला जोडून मी स्वतः वाचलेली माहिती आपल्यापुढे ठेवतो.

दिवेलागणीला, गुरे घरी येताना

मावशीचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे. रुग्णाला झोळीतून, बैलगाडीतून, पुढे रिक्षातून आणले की ती विचारी, "किती वाजता चावला?" आणि उत्तर कधीच आकड्यात येत नसे. "दिवेलागणीला." "गुरं घरी येताना." "न्याहारी झाली आणि मग." ही उत्तरे खोटी नव्हती. खेड्यात घड्याळ नसले तरी दिवसाला खुणा असतात. मावशीने त्या खुणांचे तास बांधून ठेवले होते आणि वहीत ती आकडा लिही.

१९८१ सालच्या आश्विनातली एक हकिगत तिने सांगितली. दहा-अकरा वर्षांचा मुलगा पेंढ्याच्या उडवीजवळ खेळत होता, तेथे त्याला लाल विंचू चावला. घरच्यांनी त्याला आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेले. आरोग्य केंद्रात आणले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या चाललेल्या. नंतर धाप लागली, तोंडाला तांबूस फेस आला. पहाटे मूल गेले.

"चार तास वाया घालवले," असे मी म्हणालो. त्यावर मावशीने जे उत्तर दिले ते मला विसरता येत नाही. ती म्हणाली, "घालवले हे खरंच. पण चार तास आधी आणला असता तरी आम्ही काय केलं असतं? तेव्हा औषधच नव्हतं. आता औषध आहे, गाडी आहे, फोन आहे. उशीर मात्र तेवढाच आहे."

औषध नव्हते ते कसे आले, ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे.

महाडच्या डॉक्टरांची नोंदवही

पेणहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की नागोठणे, कोलाड, माणगाव, लोणेरे ओलांडून महाड लागते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. मूळचे ते जालना जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. कोकणात आल्यावर त्यांनी पाहिले की लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले एका रात्रीत दगावतात. पुस्तकांत यावर उपयोगी असे फारसे काही नव्हते. मोठी प्रयोगशाळा हाताशी नव्हती.

त्यांच्याकडे होते काय? रक्तदाब मोजण्याचे यंत्र, घड्याळ आणि वही. रुग्णाच्या खाटेजवळ बसून त्यांनी लिहून ठेवायला सुरुवात केली. चावल्यानंतर उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब केव्हा चढला, धाप केव्हा लागली. शेकडो रुग्णांच्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी उलटी, घाम, लाळ आणि गार हातपाय, आणि त्यानंतर हृदय व फुप्फुसे यांचा बिघाड. म्हणजे मृत्यू येण्याआधी काही तास तो आपली वर्दी देत होता. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांची ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

विष नेमके काय करते हे शेतकऱ्याला सहज समजेल. विहिरीवरची मोटार जोरात चालू आहे आणि पुढच्या पाइपाचा व्हॉल्व्ह कोणी आवळून टाकला आहे, असे समजा. पाणी पुढे जात नाही, दाब मागे येतो, सांधे गळू लागतात आणि शेवटी मोटार जळते. लाल विंचवाच्या विषाने शरीरातील नसा खवळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध काम करावे लागते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचते. तेव्हा आवळलेला व्हॉल्व्ह सैल करणे हा उपाय. त्या कामाची एक गोळी बाजारात आधीपासून होती. रक्तदाबावर देतात ती प्राझोसिन. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९८६ साली तिचे परिणाम पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पूर्वी गंभीर लक्षणे झालेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एखाद-दुसऱ्यावर आले. औषध काही रुपयांचे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मावशी सांगते की ही गोळी तिच्या केंद्रात आल्यानंतर कापणीच्या दिवसांतील रात्री बदलल्या. एका कातकरी बाईची सात वर्षांची मुलगी अशीच घामाने निथळत आली होती. गोळी दिली, निजवून ठेवले, मोठ्या दवाखान्यात पाठवले. आठव्या दिवशी आई त्या मुलीला घेऊन रानातली करांदे देऊन गेली.

मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ही गोळी घरी ठेवून स्वतः घेण्याची नाही. तिने रक्तदाब उतरतो. उभे राहिल्यास रुग्णाला घेरी येऊन तो पडू शकतो. मुलाला किती द्यायची हे वजनावर ठरते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आडवे निजवूनच ती द्यावी लागते.

मंत्राचा वाफा आणि औषधाचा वाफा

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, "आमच्या आळीतल्या अमक्याने मंत्र घातला आणि विंचू उतरला." उतरला असेल. मी नाही म्हणत नाही. पण आपण शेतकरी आहोत. नवे खत आले तर आपण काय करतो? एका वाफ्यात खत घालतो, शेजारचा वाफा तसाच ठेवतो आणि मग दोन्हींची तुलना करतो. न घातलेल्या वाफ्यातही तेवढेच पीक आले तर खताचे श्रेय कशाला द्यायचे?

विंचवाचेही तसेच आहे. मोठी काळी इंगळी चावली तर आग फार होते, पण जिवाला सहसा धोका नसतो. लाल विंचू चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगभर चढतेच असे नाही. सापांतही बिनविषारी जास्त, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असे सारे लोक मंत्राविनाही बरे झालेच असते. मांत्रिकाकडे बरे झालेल्यांत यांचीच संख्या मोठी असते. ज्याला खरे विष चढले आहे तो मात्र तेथे बसल्या बसल्या आपला वेळ गमावतो.

डॉक्टरांनीही वाफे करूनच पाहिले. विंचवाच्या विषावरचे प्रतिविष तयार झाल्यावर डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट केले. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. आपले पीक प्रात्यक्षिक आणि हा प्रयोग यांची रीत एकच आहे.

घाम तोच, औषध उलटे

वेळेबरोबर दुसरी नोंद हवी ती कारणाची. हे किती महत्त्वाचे आहे ते एका उदाहरणावरून पाहू.

एक माणूस शेतातून बेशुद्धीच्या सीमेवर आणला. दरदरून घाम, तोंडातून लाळ, उलट्या. त्याला काय झाले आहे? लाल विंचू चावलेला असू शकतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाची बाधा झालेली असू शकते. दोन्हींत घाम, लाळ आणि उलटी आहेच. अनुभवी डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, रक्तदाब पाहून फरक करतात, पण रात्रीच्या वेळी, धावपळीत, घरच्यांनी सांगितलेला एक शब्दही मोलाचा असतो. कारण कीटकनाशकाच्या या बाधेत अॅट्रोपिन हे जीव वाचवणारे औषध आहे, आणि लाल विंचवाच्या विषात तेच अॅट्रोपिन अपाय करते.

म्हणून माणूस सकाळी फवारणी करत होता की लाकूडफाटा उचलत होता, हे सांगणे आपले काम आहे. फवारणी केली असेल तर औषधाचा डबा किंवा बाटली, निदान तिचे लेबल, दवाखान्यात बरोबर न्यावे. लेबलावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते दुःख महाराष्ट्राने पाहिले आहे. आपल्या भातावर फवारणी कमी असते, पण आंबा, वाल आणि भाजीपाल्यावर ती होतेच.

तापाचेही असेच. पावसाळ्यात चिखलणी, लावणी, बेणणी करणाऱ्याला अचानक थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या व कंबर असह्य दुखू लागली, डोळे लाल झाले, तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नये. उंदराच्या मुतातून पाण्यात व चिखलात जाणारे लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. कोकणात हा आजार नवा नाही आणि वेळीच ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. पण डॉक्टरांना आपले पाय दिसतात, आपले शेत दिसत नाही. "मी आठ दिवस चिखलात काम करत होतो," हे वाक्य आपणच बोलले पाहिजे.

सापाच्या बाबतीत

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देण्यात आला. यातले बहुतेक ग्रामीण भागातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि भारत सरकारने २०२४ साली त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

आपल्याकडचे प्रमुख विषारी साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. ते फक्त दवाखान्यात मिळते.

मण्यारीविषयी विशेष लक्षात ठेवावे. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. बहुधा आग होत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे जड होते. "रात्रीचं जेवण बाधलं," म्हणून घरचे ओवा देत बसतात आणि इकडे श्वास बंद पडत जातो. झोपून उठलेल्या माणसाच्या पापण्या उघडत नसतील तर तो सर्पदंश समजून थेट दवाखाना गाठावा.

सर्पदंश झाल्यावर माणसाला धीर द्यावा. चालू देऊ नये. चावलेल्या हाता-पायातील अंगठी, जोडवी, कडे काढावे, कारण पुढे सूज येते. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी लाकडी पट्टी सैलसर बांधून तो अवयव हलणार नाही असे करावे. दोरीने आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, चुना-तंबाखू लावू नये. सापाला मारण्यात वेळ घालवू नये.

तंत्रज्ञान म्हणजे काय?

मावशीला मी विचारले, "तुझ्या नोकरीत आलेलं सगळ्यात उपयोगी यंत्र कोणतं?" मला वाटले ती सोनोग्राफी किंवा ऑक्सिजनचे यंत्र म्हणेल. ती म्हणाली, "काचेची नळी."

मग तिने समजावून सांगितले. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. रुग्णाचे थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे हलवायचे नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त दह्यासारखे थिजले असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे, प्रतिविष द्या. ही परीक्षा दवाखान्यातल्या माणसानेच करायची असते, पण तिला लागते काय? एक नळी आणि एक घड्याळ. वीज गेली तरी चालते.

तंत्रज्ञानाला मावशीचा विरोध मुळीच नाही. तिच्याकडे मोबाइल आहे, नातवंडांशी ती त्यावर बोलते. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, त्याला ती सर्वांत मोठा बदल मानते. साध्या दुखण्यासाठी ई-संजीवनीसारख्या सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला हेही तिला पटते. तिची तक्रार वेगळी आहे. लोक आधी सापाचा फोटो काढून दहा जणांना पाठवतात आणि मग १०८ ला फोन करतात. कोणी विष ओढणाऱ्या खड्याचा व्हिडिओ दाखवतो, कोणी कांद्याचा. ती म्हणते, "पूर्वी मांत्रिकाकडे चालत जावं लागायचं. आता तो खिशात येऊन बसला आहे."

आणि याहून मोठी गंमत अशी की खिशातल्या त्याच यंत्रावर घड्याळ आहे. चावल्याबरोबर एकदा त्याकडे पाहिले तर मिनिटासकट वेळ कळते. तरी आजही "किती वाजता चावला?" या प्रश्नाला उत्तर येते, "मघाशी."

याच यंत्राचा चांगला उपयोग असा. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने वेळ लिहावी. साप सहज, दुरून दिसत असेल तरच फोटो घ्यावा, तो डॉक्टरांना दाखवावा. आणि निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारावे. नसेल तर पुढच्या दवाखान्याचा रस्ता धरता येतो आणि हेलपाटा वाचतो.

आणखी एक स्वस्त साधन सांगतो. विंचवाच्या अंगावर अतिनील किरण पडले तर तो अंधारात हिरवट चमकतो. तशी छोटी विजेरी बाजारात मिळते. उडवी, गोवऱ्यांची रास, जांभ्या दगडाचा गडगा, लाकडाचा ढीग रात्री एकदा या विजेरीने पाहून घेतला तर विंचू कोठे आहेत ते कळते.

रोजच्या सवयी

औषधापेक्षा सवय स्वस्त. पेंढा, गोवऱ्या आणि सरपण घराच्या भिंतीला लावून रचू नये, थोडे दूर रचावे. भारा उचलण्यापूर्वी काठीने हलवावा. दगडाखाली, भाऱ्याखाली बोटे घालू नयेत. चप्पल, बूट, कपडे झटकून घालावे. चिखलात आणि कापणीला गमबूट घालावेत. बहुतेक दंश पायाला होतात, त्यामुळे एवढ्यानेच मोठा बचाव होतो. रात्री बॅटरीशिवाय बांधावरून जाऊ नये. शक्यतो खाटेवर निजावे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. मच्छरदाणी डास अडवते तशीच मण्यारही अडवते. घरात धान्य सांडू देऊ नये, कारण धान्यावर उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

पैशाविषयीही मावशी बोलली. तिचे मत असे की गरज नसलेली तपासणी आणि गरज नसलेली सलाइन यांनी शेतकऱ्याचे घर बुडते. डॉ. बावस्करांनीही या प्रश्नावर जाहीर भूमिका घेतली आहे. तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांच्याकडे आलेल्या बाराशे रुपयांच्या धनादेशाविरुद्ध त्यांनी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली होती. आपणही औषधांच्या दुकानात एका किडीसाठी तीन बाटल्या गळ्यात घेऊन येतो. तेथे जो प्रश्न विचारायला हवा, तोच येथे नम्रपणे विचारावा. "हे कशासाठी? न केल्यास काय होईल?" प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

गागोद्याचा वारसा

हे भाषण गागोद्यात झाले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावात विनोबांचा जन्म झाला. भाषणानंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "विनोबांनी तर शेवटी औषध नाकारले. मग तुम्ही औषधाचा एवढा आग्रह का धरता?"

प्रश्न रास्त होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. पिकलेले पान आपल्या इच्छेने गळणे वेगळे आणि कोवळी काडी पायाखाली मोडणे वेगळे. १९८१ साली मावशीच्या डोळ्यांदेखत गेलेल्या त्या मुलाने काही नाकारले नव्हते. त्याला देण्यासारखे कोणाकडे काही नव्हते, एवढेच. शिवाय विज्ञान आणि आत्मज्ञान यांची सांगड घातली पाहिजे हे विनोबांनी आयुष्यभर सांगितले. विज्ञान म्हणजे नुसती यंत्रे असे त्यांना अभिप्रेत नव्हते. डोळे उघडे ठेवून पाहणे, खरे तेच मानणे, हेही विज्ञानच. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रात्रभर जागून लिहिलेली वही हे त्याचे आपल्या जिल्ह्यातले उत्तम उदाहरण आहे.

नोंदवहीतील शेवटचे पान

आपल्यातील अनेक जण शेतीची नोंदवही ठेवतात. पेरणीची तारीख, लावणीची तारीख, युरियाचा हप्ता, मजुरी. त्याच वहीचे शेवटचे पान घरच्यांसाठी राखून ठेवा, असे मी सुचवतो. पान पुढीलप्रमाणे आखावे.

१. वरच्या बाजूस दूरध्वनी क्रमांक: १०८, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे सरकारी रुग्णालय, आशाताई आणि गावातील गाडीवाला.

२. घरातील प्रत्येकाचे वय व वजन. रक्तदाब, मधुमेह यांच्या चालू गोळ्या. कोणाला एखादे औषध सोसत नसल्यास त्याचे नाव.

३. अपघात झाल्यास त्याची वेळ, घड्याळातली.

४. काय झाले: विंचू, साप, फवारणी, की ठाऊक नाही. शरीराचा कोणता भाग. त्या वेळी माणूस कोठे व काय करत होता.

५. उलटी, घाम, गार हातपाय, धाप, जड पापण्या, रक्तस्राव यांपैकी काय व किती वाजता दिसले.

६. घरी काही दिले किंवा लावले असल्यास ते. लाजून लपवू नये.

कागद भरत बसण्यासाठी गाडी थांबवायची नाही. गाडीत बसल्यावर लिहिले तरी चालेल. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम नेमून द्यावे. मुले ते मोठ्यांपेक्षा नीट करतात.

गागोद्याहून परतताना मी मावशीकडे पुन्हा थांबलो. मेळाव्यात काय बोललो ते तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि कपाटातून आपली जुनी वही काढून दाखवली. पाने पिवळी पडली होती. १९८१ च्या त्या पानावर तारखेपुढे तिच्या अक्षरात लिहिले होते: "दिवेलागण, अंदाजे ६।।. आणले १०.१०." आणि त्यापुढे पहाटेची वेळ.

पुढच्या काही पानांवर पहाटेचा रकाना कोरा होता. म्हणजे ती माणसे घरी गेली. आपल्या वहीतला तो रकाना कोरा राहावा, एवढ्यासाठी हे सारे सांगितले.